दहा हजार स्विंगचे आव्हान: पाच आठवड्यांच्या अनुभवावरून एक परीक्षण

केटलबेल म्हणजे वर हँडल असलेला लोखंडी वजनी गोळा, आणि तो दोन्ही हातांनी धरून पायांमधून छातीच्या उंचीपर्यंत झुलवणे म्हणजे स्विंग. असे १०,००० स्विंग २० सत्रांत पूर्ण करण्याचे आव्हान गेल्या काही वर्षांत व्यायाम करणाऱ्यांच्या तोंडी झाले आहे. मी ते १६ किलोच्या केटलबेलवर पाच आठवड्यांत पूर्ण केले आणि प्रत्येक सत्राची वहीत नोंद ठेवली. त्या वहीच्या आधाराने हे परीक्षण लिहीत असल्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकते. वजन उतरवण्याचा झटपट मार्ग अशी या आव्हानाची जी वाखाणणी होते ती मला फारशी पटली नाही. मात्र पाठ न वाकवता खुब्यातून कसे वाकायचे, हे शरीराच्या अंगवळणी पाडण्यासाठी यापेक्षा सोपा आणि कमी साधनांत भागणारा कार्यक्रम माझ्या पाहण्यात आलेला नाही. त्याचा मोठा दोषही याच गुणाला चिकटलेला आहे. दहा हजार वेळा केलेली गोष्ट अंगवळणी पडतेच, मग ती बरोबर असो वा चूक, आणि आराखडा मोजतो ती फक्त संख्या.

या आराखड्याचे जे रूप आज सर्वाधिक प्रचलित आहे ते अमेरिकी प्रशिक्षक डॅन जॉन यांचे. एका सत्रात ५०० स्विंग असतात आणि ते १०, १५, २५ व ५० अशा चार सेटमध्ये, म्हणजे न थांबता करायच्या गटांमध्ये, विभागलेले असतात. या चार सेटची बेरीज १०० होते आणि अशा पाच फेऱ्या झाल्या की सत्र संपते. पहिल्या तीन सेटनंतर ताकदीचा एखादा व्यायाम अनुक्रमे १, २ आणि ३ वेळा करायचा असतो. त्यासाठी वजन डोक्यावर ढकलण्याचा प्रेस, केटलबेल छातीशी धरून उठाबशा काढण्याचा गॉब्लेट स्क्वॉट, दोन दांड्यांवर हात टेकून शरीर खाली-वर करण्याचे डिप्स किंवा दांडीला लटकून शरीर वर ओढण्याचा पुल-अप यांपैकी एक निवडायचा आणि तो सत्रागणिक बदलत राहायचा. पन्नासांच्या सेटनंतर मात्र काहीही करायचे नाही, फक्त श्वास जागेवर येऊ द्यायचा. आठवड्याला चार ते पाच सत्रे धरली की चार-पाच आठवड्यांत हिशेब पुरा होतो. वजनाबाबतची शिफारस साधारणपणे पुरुषांसाठी २४ किलो आणि स्त्रियांसाठी १६ किलो अशी आहे. मधल्या व्यायामासाठी मी प्रेस आणि गॉब्लेट स्क्वॉट आलटूनपालटून केले, कारण त्यासाठी हातातल्या केटलबेलशिवाय दुसरे काही लागत नाही.

दहा हजार हा आकडा ऐकून छाती दडपते, म्हणून त्याची थोडी फोड करून पाहणे उपयोगाचे आहे. लयीत केलेल्या एका स्विंगला साधारण दीड सेकंद लागतो, म्हणजे मिनिटाला ४० स्विंग होतात. त्या हिशेबाने ५०० स्विंगना साडेबारा मिनिटे आणि दहा हजारांना २५० मिनिटे लागतात. पाच आठवड्यांच्या या गाजलेल्या आव्हानात केटलबेल प्रत्यक्ष हलती असते तो वेळ सव्वाचार तासही भरत नाही. बाकीचा सगळा वेळ विश्रांतीचा, पकड घसरू नये म्हणून हाताला खडू चोळण्याचा आणि पुढच्या सेटकडे नाखुशीने पाहण्याचा असतो. उलट बाजूने मोजले, तर १६ किलोला दहा हजारांनी गुणल्यावर १६० टन होतात आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. दोन्ही आकडे खरे आणि दोन्ही थोडे फसवे आहेत. पहिल्याने आव्हान क्षुल्लक वाटते, दुसऱ्याने पराक्रम वाटतो. माझ्या वहीत पहिल्या सत्राची वेळ ४४ मिनिटे आहे आणि विसाव्याची २८. स्विंगचा वेग जवळपास तोच होता, त्यामुळे ही सोळा मिनिटे जवळजवळ सगळी विश्रांतीतून वाचली. दम लागल्यावर तो खाली बसायला किती वेळ लागतो, यात पाच आठवड्यांत पडलेला हा फरक मी आव्हानाच्या जमेच्या बाजूला सर्वात वर लिहीन.

केटलबेलचे वजन १६, २४, ३२ अशा विचित्र वाटणाऱ्या टप्प्यांनी का वाढते, हा प्रश्न नवख्याला पडतोच. हे साधन मूळ रशियातले. तिथे त्याला गिर्या म्हणतात आणि ते पूद या जुन्या वजनी मापात मोजले जाई. एक पूद म्हणजे सुमारे १६.३८ किलो. त्यामुळे एक, दीड आणि दोन पूद यांचीच आजची १६, २४ आणि ३२ किलोची रूपे झाली. हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. १६ वरून २४ वर जाणे म्हणजे एकदम निम्म्याने वजन वाढवणे होय, आणि पाचशेच्या सत्रात ती उडी फार मोठी ठरते. आता मधली १२, २० आणि २८ किलोची वजनेही सहज मिळतात, तेव्हा शिफारशीच्या आकड्याला मानाचा प्रश्न करून चिकटून राहण्यात काही हशील नाही.

आता मूळ कृतीकडे येते, कारण या कार्यक्रमात दुसरे फारसे काही नाहीच. पाहणाऱ्याला स्विंग हा हातांचा व्यायाम वाटतो आणि बहुतेकांची गफलत तिथूनच सुरू होते. केटलबेल पायांच्या रेषेपुढे साधारण फूटभर अंतरावर ठेवतात, नितंब मागे ढकलून आणि पाठ सपाट ठेवून ती दोन्ही हातांनी धरतात, आणि एका दमात दोन पायांमधून मागे खेचतात. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मांडीच्या आतल्या बाजूला, अगदी जांघेजवळ टेकेपर्यंत धड पुढे झुकते; गुडघे थोडेच वाकतात आणि नडग्या जवळपास उभ्याच राहतात. तिथून नितंब आणि मांडीमागचे स्नायू आवळून झटक्यात ताठ उभे राहिले, की केटलबेल आपोआप पुढे फेकली जाते आणि छातीच्या उंचीपर्यंत तरंगत येते. हात या सगळ्यात दोरीचे काम करतात, उचलण्याचे नव्हे. वरच्या टोकाला पोट आणि नितंब घट्ट, गुडघे सरळ, खांदे खाली, आणि तोंडाने एक आखूड, फुस्स असा उच्छ्वास. केटलबेल खाली येऊ लागल्यावर तिच्याबरोबर लगेच वाकायचे नाही. दंड बरगड्यांना टेकेपर्यंत ताठ उभे राहायचे आणि मगच खुबे मागे न्यायचे. हा पाव सेकंदाचा धीर ज्याला साधला त्याला स्विंग साधला, असे मी आता खात्रीने म्हणेन, कारण लवकर वाकणाऱ्याच्या बाबतीत केटलबेल गुडघ्यांखाली झुलते आणि तिचा सगळा ओढा कंबरेवर येतो.

हे कागदावर वाचून समजते पण अंगात उतरत नाही, आणि त्यासाठी दोन चाचण्या मला फार उपयोगी पडल्या. पहिली भिंतीची: भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहायचे आणि गुडघे पुढे न नेता नितंब मागे सारून भिंतीला टेकवायचे, जमले की अर्धे पाऊल पुढे सरकून पुन्हा. दुसरी टॉवेलची: केटलबेलच्या हँडलमधून एक टॉवेल ओवून त्याची दोन्ही टोके हातात धरायची आणि हलके स्विंग करायचे. जोर खुब्यांतून आला असेल तर टॉवेल आणि केटलबेल हातांच्या सरळ रेषेत राहतात. हातांनी उचलण्याची लबाडी केली असेल तर केटलबेल लुळी पडून खाली लोंबते. टॉवेलला फसवता येत नाही. पहिल्या सत्राआधी मी ही चाचणी केली आणि माझी केटलबेल दहापैकी सात वेळा लोंबली. वर्षभर अधूनमधून स्विंग करणाऱ्या व्यक्तीचा हा निकाल होता, हे इथे नमूद करणे भाग आहे. त्यानंतर मी आव्हानाचा आरंभ एक आठवडा पुढे ढकलला, आणि हा निर्णय संपूर्ण काळातला सर्वात शहाणपणाचा ठरला.

पहिल्या चार-पाच सत्रांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. मांड्यांची मागची बाजू आणि नितंब दुखले, जिना उतरताना कठडा धरावा लागला आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ते दुखणे ओसरले. खरी अडचण डोक्याची होती. दहा, पंधरा आणि पंचवीस हे सेट येतात नि जातात, पण पन्नासाच्या सेटमध्ये तिशीनंतर मोजण्यात चूक होऊ लागते, एकच आकडा दोनदा म्हटला जातो, आणि मन केटलबेलवरून उठून थेट पन्नासावर जाऊन बसते. पाच-पाचच्या गटांत मोजायला लागल्यावर हा त्रास कमी झाला. सहाव्या किंवा सातव्या सत्राच्या सुमारास मात्र एक बदल जाणवला. आधी मी प्रत्येक स्विंग ‘करत’ होते, तो आता चालण्यासारखा होऊ लागला. वर ताठ उभे राहण्याचा तो टप्पा आपण होऊन येऊ लागला, आणि केटलबेल वर आल्यावर ती हातात असल्याचे क्षणभर विसरायला होई. इतकी आवर्तने का करायची, या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर हेच आहे. आठवड्यातून दोनदा तीस-तीस स्विंग करून मला वर्षभरात जे कळले नव्हते ते तीन हजार स्विंगच्या सलग सरावात कळले.

हातांची किंमत मात्र मोजावी लागते. अनामिकेच्या आणि मधल्या बोटाच्या मुळाशी घट्टे येतात, ते जाड होत जातात, आणि एखाद्या दिवशी हँडलच्या फिरण्यात त्यांची कड अडकून कातडी सोलून निघते. माझ्या बाबतीत हे नवव्या सत्रात, चौथ्या फेरीच्या पन्नासाच्या सेटमध्ये घडले. चौतिसाव्या स्विंगला उजव्या तळहातात काहीतरी सरकल्यासारखे वाटले, दुखले नाही. छत्तिसाव्याला हँडल ओले लागले, आणि खाली ठेवून पाहते तो अनामिकेखाली रुपयाएवढी कातडी उलटली होती. तीन दिवस सत्रे बंद ठेवावी लागली. चूक साधनाची नव्हती. मी हँडल तळहाताच्या मध्यभागी घट्ट आवळून धरत होते. ते बोटांच्या मुळाशी, आकड्यासारख्या वाकवलेल्या बोटांत धरायला हवे, म्हणजे खाली-वर होताना कातडीची घडी चिमटीत सापडत नाही. पकड केव्हा घट्ट आणि केव्हा सैल करायची, हेही त्यानंतर शिकले: केटलबेल तळाशी असताना घट्ट, वर तरंगत असताना सैल. घट्टे आठवड्यातून एकदा, अंघोळीनंतर कातडी मऊ असताना, दगडाने घासून सपाट ठेवले तर हा प्रसंग सहसा येत नाही. खडू जपून वापरावा. जास्त लावला तर हँडल हाताला इतके धरते की तोही सोलण्याचे काम करतो.

दुसरा फटका अधिक गंभीर होता आणि त्यातून आराखड्याचा मूळ दोष लक्षात आला. सुटलेले तीन दिवस भरून काढण्याच्या नादात मी सलग तीन सत्रे केली. बाराव्या सत्राच्या पाचव्या फेरीत, अवघे वीसेक स्विंग उरले असताना, नितंब दमून गेले होते आणि मी गुडघे वाकवून, खाली बसत-उठत केटलबेल वर ढकलत होते. स्विंगचा स्क्वॉट झाला होता, केटलबेल गुडघ्यांच्या खाली घसरत होती, आणि तरीही मी मोजत राहिले, कारण वहीत ५०० लिहायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालायला वाकताना कंबर धरली. हे दुखणे चार दिवसांत गेले, पण त्या वीस स्विंगनी मला काहीच दिले नाही, उलट चुकीच्या हालचालीचा सराव तेवढा झाला. आराखड्याच्या तक्त्यात संख्येसाठी चौकट आहे, हालचालीच्या दर्जासाठी नाही. दमलेल्या शरीराने कुठे थांबायचे याचा त्यात नियम नाही, आणि आव्हान या शब्दातच न थांबण्याची चिथावणी आहे. अनुभवी माणूस हे स्वतः ओळखतो, पण आव्हाने घेण्याची हौस सर्वाधिक असते ती अननुभवी माणसाला, आणि इथेच खरी मेख आहे.

स्विंगच्या फायद्यांबद्दल जे बोलले जाते त्याला संशोधनाचा आधार कितपत आहे, हेही तपासून पाहिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागींनी १६ किलोच्या केटलबेलने १२ मिनिटांत जमतील तितके स्विंग केले. त्यांच्या हृदयाची गती सरासरीने कमाल गतीच्या ८७ टक्क्यांपर्यंत गेली, तर प्राणवायूचा वापर कमाल क्षमतेच्या ६५ टक्के होता. दम तर लागतो, पण धावताना लागतो त्याहून वेगळ्या धाटणीचा, हा माझा अनुभव या दोन आकड्यांशी चांगला जुळतो. २०१२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, केवळ १२ मिनिटे स्विंग करणाऱ्या पुरुषांची स्क्वॉटमधली कमाल ताकद सुमारे १० टक्क्यांनी आणि उभ्या उडीची क्षमता सुमारे २० टक्क्यांनी वाढली. त्यात अर्धे मिनिट काम आणि अर्धे मिनिट विश्रांती असे सोपे वेळापत्रक होते आणि वजन १२ किंवा १६ किलोचेच होते. हा अभ्यास आव्हानाच्या बाजूने जसा बोलतो तसा विरोधातही बोलतो, कारण त्यातली माणसे दहा हजारांच्या जवळपासही गेली नव्हती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अंगदुखीच्या तक्रारी जास्त आढळणाऱ्या व्यवसायांतल्या कर्मचाऱ्यांवरच्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात मान, खांदे आणि कंबर यांचे दुखणे कमी झाले व पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली, पण हृदय-फुप्फुसांच्या क्षमतेत फरक पडला नाही.

पाठीच्या प्रश्नाला सर्वात नेमके उत्तर मिळते ते कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या २०१२ च्या मोजमापांतून. १६ किलोच्या स्विंगमध्ये नितंबांचे स्नायू त्यांच्या कमाल आकुंचनाच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत आणि कंबरेचे स्नायू सुमारे ५० टक्क्यांपर्यंत कामाला लागतात, आणि प्रत्येक आवर्तनात ते झटक्यात आवळले जाऊन लगेच सैल होतात. कंबरेच्या मणक्यांवर पडणारा ताण मात्र नेहमीच्या वजन उचलण्यातल्या ताणापेक्षा वेगळ्या, मागच्या दिशेने सरकवणारा असतो. काही जणांची जुनी पाठदुखी स्विंगने हलकी होते आणि काहींची बळावते, या परस्परविरोधी वाटणाऱ्या अनुभवांचे कारण बहुधा यातच असावे. माझ्या पाठीला हा व्यायाम मानवला. तो सगळ्यांना मानवेल असे मी म्हणणार नाही.

माझ्या पदरात प्रत्यक्ष काय पडले ते असे. पकड इतकी सुधारली की जड पिशव्या दोन्ही हातांत घेऊन तीन जिने चढताना आधी बोटे उघडत, ती आता उघडत नाहीत. जमिनीवरची कोणतीही वस्तू उचलताना खुबे आपोआप मागे जातात. हा बदल मी ठरवून केलेला नाही. दिवसभर बसून काम केल्यावर कंबरेत जो जडपणा येई तो तिसऱ्या आठवड्यापासून जाणवेनासा झाला. डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरचे जड वजन उचलून ताठ उभे राहण्याचा, मी पाच आठवडे सरावच केला नव्हता, तरीही आव्हान संपल्यानंतर आठवडाभराने माझे आधीचे कमाल वजन दोन वेळा उचलता आले, जे आधी जेमतेम एकदा उचलत असे. वजनकाट्याने अवघे ७०० ग्रॅम कमी दाखवले. कंबरेचा घेर दोन सेंटिमीटरने उतरला, पण त्या काळात मी खाण्याकडेही लक्ष देत होते, त्यामुळे त्याचे श्रेय केवळ स्विंगला देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. चरबी झडेल या एकाच आशेने कोणी हे आव्हान घेणार असेल, तर खाण्यात काही बदल न करता केवळ आठवड्याला पन्नास-साठ मिनिटांच्या प्रत्यक्ष हालचालीने फार मोठा फरक पडेल, अशी अपेक्षा धरू नये.

काय मिळत नाही, तेही थोडक्यात सांगायला हवे. ढकलण्याची आणि ओढण्याची ताकद मधल्या व्यायामाच्या एक-दोन-तीन आवर्तनांनी टिकते, वाढत नाही. एका पायावरचा तोल, बाजूला किंवा पिळात होणारी हालचाल, खांद्यांची लवचिकता यांना आराखड्यात जागाच नाही. पाच आठवडे एकच हालचाल करण्याचा कंटाळा येतो, आणि सोळाव्या सत्रात मला तो इतका आला की मी केटलबेलला मनातल्या मनात नावे ठेवू लागले.

साधनाविषयी दोन शब्द. मी आधी प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या केटलबेलने सुरुवात केली होती. तिच्या हँडलच्या आतल्या बाजूला साच्याची शिवण तशीच राहिली होती आणि पन्नासाच्या सेटमध्ये ती ब्लेडसारखी लागे. सॅंडपेपरने घासून ती काढली, तरी हँडल अरुंद असल्यामुळे दोन्ही हातांच्या करंगळ्या दाबल्या जात. तिसऱ्या सत्रापासून एकसंध ओतीव लोखंडाची, पावडर-कोटची केटलबेल घेतली आणि निम्म्या तक्रारी संपल्या. स्पर्धेसाठीच्या पोलादी केटलबेल दिसायला देखण्या असतात आणि वजन कितीही असले तरी त्यांचा आकार एकसारखाच असतो, पण त्यांचे हँडल मुळात एका हाताच्या व्यायामासाठी असल्याने दोन हातांना दाटीवाटी होते. विकत घेताना दोन्ही हातांनी धरून पाहावे, हँडलच्या आतून बोट फिरवून खडबडीतपणा तपासावा, आणि बूड सपाट आहे का ते बघावे. मऊ तळाचे बूट टाळावेत. मी अनवाणीच केले आणि टाचांवर भार आहे की नाही हे त्यामुळे नीट कळले.

ज्यांना कंबरेचे निदान झालेले दुखणे, हर्निया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब आहे, ज्या गर्भवती आहेत किंवा नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. व्यायामाची सवय नसलेल्याने पहिल्याच दिवशी पाचशे करणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. अनोळखी स्नायूंवर एकदम इतका मारा झाला तर ते तुटून त्यांतली द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. स्नायूंना असह्य वेदना व सूज येऊन लघवी काळपट तपकिरी होऊ लागली तर थेट रुग्णालय गाठावे. ज्याला सलग २० स्विंग न बिघडवता करता येतात आणि ज्याने किमान दोन-तीन महिने नियमित व्यायाम केला आहे, त्याने आव्हान जरूर घ्यावे, पण आठवड्याला चारच सत्रांवर आणि लागोपाठ दोनपेक्षा जास्त दिवस न करता. शिफारशीपेक्षा एक पायरी हलके वजन घेतले तर बिघडत नाही.

माझ्या लेखी पाचपैकी साडेतीन गुण. उरलेले दीड गुण मी पन्नासाच्या सेटसाठी आणि तक्त्यातल्या त्या एकाकी चौकटीसाठी कापले आहेत. सहा महिन्यांनी मी हेच आव्हान निम्म्या संख्येने, म्हणजे दहा सत्रांत पाच हजार, पुन्हा करत आहे. पन्नासाचा सेट पंचवीस-पंचवीस असा मोडला आहे, मध्ये पाच खोल श्वास घेते, आणि वहीत संख्येच्या शेजारी आणखी एक रकाना आखला आहे, ज्यात त्या दिवशी वाया गेल्यामुळे मोजणीतून वगळलेल्या स्विंगची संख्या लिहिते. काल त्या रकान्यात ११ होते, परवा १९.